ॲक्च्युअरीची परीक्षा: पुस्तकं कोणती घ्यायची, सेमिनारला केव्हा जायचं

आमच्या तालुक्याच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यात, बसस्टँडच्या मागे एक अभ्यासिका आहे. तिथे बसणारी पोरं एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीची. त्यांच्यात एकच मुलगी ॲक्च्युअरीच्या परीक्षेचा अभ्यास करते. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो; बारावीला ती माझ्या वर्गात होती, आता बी.एस्सी. झाली. मागच्या उन्हाळ्यात ती वडलांना घेऊन घरी आली. मोबाईलवर तीन कोर्सच्या जाहिराती उघडून ठेवल्या होत्या. एकात छापील नोट्स आणि व्हिडिओ, दुसऱ्यात पुण्याला दोन दिवसांचा सेमिनार, तिसऱ्यात 'पास होईपर्यंत मार्गदर्शन'. वडील म्हणाले, "सर, यातला कोणता घेऊ ते तुम्हीच सांगा. तुरीचे पैसे आले हायत, पण एकदाच भरता येईन."

त्या दिवशी त्यांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो. कारण हाच प्रश्न घेऊन आर्णी, दिग्रस, कारंजा, अगदी वरूडकडूनही पोरं फोन करतात, आणि बहुतेकांचा फोन पैसे भरून झाल्यावर येतो.

आधी हे काम काय आहे ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय अभ्यासाचं साहित्य पारखता येत नाही. पुढे काय घडेल हे नक्की माहीत नसताना त्यासाठी आज किती पैसे बाजूला ठेवायचे, हे गणितानं ठरवणारा माणूस म्हणजे ॲक्च्युअरी. आपल्याकडे याचं रोजचं उदाहरण पीक विमा. समजा एका महसूल मंडळात सोयाबीनचं मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांचं सरासरी उत्पादन हेक्टरी 12 क्विंटल आहे. जोखीमस्तर 70 टक्के धरला तर उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की भरपाई मिळते ते, 8.4 क्विंटल. यंदा पीक कापणी प्रयोगात 6.3 क्विंटल निघालं, तर तूट 2.1 क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या पाव हिस्सा. विमा रकमेच्या 25 टक्के भरपाई. हा झाला हिशेब पीक बुडाल्यानंतरचा. पण पेरणीच्या आधीच, अशी तूट किती वर्षांतून किती वेळा येईल आणि म्हणून हप्ता किती लावायचा, हे ठरवावं लागतं. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून सुरू झाली. तिच्यात शेतकरी खरिपाच्या धान्याला आणि गळिताला 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला 5 टक्क्यांपर्यंत भरतो. खरा दर त्याहून बराच जास्त असू शकतो. वरचा भार केंद्र आणि राज्य उचलतात. तो खरा दर काढणं हे या पेशाचं काम. आयुर्विमा, पेन्शन, आरोग्य विमा सगळीकडे गाभा हाच.

आपल्या देशात ही परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते. 1944 साली सुरू झालेल्या ॲक्च्युअरियल सोसायटीची ही पुढची आवृत्ती; 2006 च्या ॲक्च्युअरीज कायद्यानं तिला आजचं रूप मिळालं. आत जायला आधी एक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी, आकडेवारीचा अर्थ लावणं आणि तर्क असे विषय असतात. बारावी झालेला कोणीही बसू शकतो. त्यानंतर एकेक पेपर. सुरुवातीचे महत्त्वाचे म्हणजे सीएस-1 (संख्याशास्त्र), सीएम-1 (व्याज, ॲन्युइटी म्हणजे ठरावीक काळानं दिले जाणारे हप्ते, आयुर्विम्याचं गणित), पुढे सीएस-2, सीएम-2, आणि सीबी मालिकेतले वित्त, अर्थशास्त्र, व्यवस्थापन. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्च्युअरीजच्या पहिल्या टप्प्यातल्या पेपरांची नावं आणि विषय जवळपास हेच. हे साम्य पुढे आपल्या फार कामी येणार आहे. अमेरिकेच्या सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीजची वाट मात्र निराळी: तिथले पहिले पेपर पर्यायी उत्तरांचे, संगणकावर द्यायचे, आणि फी डॉलरमध्ये. त्या वाटेचं साहित्य घेऊन भारतीय पेपराची तयारी करू नका. गणित तेच असलं तरी चार पर्यायांतून उत्तर निवडणं वेगळं आणि पायऱ्या मांडून लिहिणं वेगळं.

अभ्यासिकेतल्या एमपीएससीवाल्या मुलांना एक गोष्ट मी नेहमी सांगतो: ही स्पर्धा परीक्षा नाही. इथे जागा ठरलेल्या नसतात. शेजारचा पास झाला म्हणून तुमची जागा जात नाही. त्यामुळे दोघांनी मिळून अभ्यास केला, शंका वाटून घेतल्या, तर दोघांचाही फायदाच. आपल्या भागात एकाच पेपराला बसणारी दुसरी व्यक्ती पन्नास किलोमीटरवर असेल, तरी तिला शोधा. आठवड्यातून एकदा अर्धा तास फोनवर बोललात तरी चालेल.

आता साहित्याकडे येऊ. बाजारात ते दहा नावांनी विकलं जातं, पण मुळात त्याचे थर तीनच. सगळ्यात खाली अधिकृत अभ्यासक्रम. प्रत्येक पेपराचा तो काही पानांचा दस्तऐवज संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात नुसती प्रकरणांची यादी नसते. विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते वाक्यावाक्यानं लिहिलेलं असतं: 'अमुक सिद्ध करा', 'अमुक मोजा', 'अमुक समजावून सांगा'. त्यावरचा थर म्हणजे कोअर रीडिंग, संस्थेनं मान्य केलेला मूळ मजकूर. पेपर त्याच्या आधारानं निघतो. हा मजकूर आटीव असतो. नवख्यानं थेट तोच वाचला तर तो कोरडा वाटतो आणि मन उडून जातं. सगळ्यात वरचा थर म्हणजे खुलासा करणाऱ्या नोट्स. ब्रिटिश परीक्षांसाठी ॲक्टेड या कंपनीचं साहित्य पुष्कळ वर्षं वापरलं जातं आणि आपल्याकडचे विद्यार्थीही ते घेतात. त्यांच्या नोट्समध्ये कोअर रीडिंग ठळक अक्षरात आणि खुलासा साध्या अक्षरात छापलेला असतो. ही रचना मला फार आवडते. परीक्षेची मागणी किती आणि समजावण्यासाठी जोडलेलं किती, हे नुसत्या नजरेनं कळतं.

मग कोणाच्या नोट्स चांगल्या? यासाठी माझ्याकडे एक कसोटी आहे. विकत घेण्याआधी नमुन्याचं एखादं प्रकरण मागा. सीएम-1 असेल तर ॲन्युइटीचं मागा. आणि डोक्यात आपलं मक्त्याचं शेत ठेवून ते वाचा.

दहा वर्षं मक्त्यानं शेत करायचं आहे, वर्षाला 20,000 रुपये. मालक म्हणतो, पैसे पेरणीच्या आधी द्या. तुम्ही म्हणता, कापूस विकल्यावर, वर्षाच्या शेवटी देतो. व्याजदर 8 टक्के धरला तर वर्षअखेरीच्या दहा हप्त्यांची आजची किंमत 1,34,202 रुपये होते. तेच हप्ते वर्षाच्या सुरुवातीला दिले तर 1,44,938. फरक 10,736 रुपयांचा. हप्ते दहाच, रक्कम तीच, फक्त देण्याची वेळ बदलली. पहिल्या प्रकाराला ॲन्युइटी इन अरिअर म्हणतात, दुसऱ्याला ॲन्युइटी ड्यू.

वाईट नोट्समध्ये या दोन्हींची सूत्रं दोन चौकटींत छापलेली असतात, खाली 'लक्षात ठेवा'. चांगल्या नोट्स आधी एक आडवी रेघ काढतात, तिच्यावर शून्य ते दहा वर्षं मांडतात, आणि दाखवतात की दुसऱ्या प्रकारात प्रत्येक हप्ता एकेक वर्ष अलीकडे सरकला. प्रत्येक हप्ता 1.08 पट महाग झाला, म्हणून पूर्ण बेरीजही 1.08 पट. 1,34,202 ला 1.08 नं गुणून पाहा. हे एकदा कळलं की दुसरं सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही, आणि परीक्षेत मधूनच हप्ता बदलणारा आडवळणाचा प्रश्न आला तरी हात थांबत नाही. नमुन्याच्या प्रकरणात ती रेघ नसेल तर ते साहित्य कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

जुन्या पुस्तकांबद्दल. आपल्याकडे वापरलेली पुस्तकं घेणं स्वाभाविक आहे, आणि ते वाईटही नाही. पण 2019 मध्ये अभ्यासक्रमाची मांडणीच बदलली. त्याआधी पेपरांची नावं सीटी-1, सीटी-3, सीटी-5 अशी होती. सीटी-1 आणि सीटी-5 यांतला बराच भाग एकत्र येऊन सीएम-1 झाला. सीएस-1 मध्ये सीटी-3 आणि सीटी-6 चा काही भाग आला. म्हणजे जुन्या पुस्तकातलं चक्रवाढ व्याज आजही खरंच आहे, पण संगणकावरचा पेपर (आर आणि एक्सेलचा, त्याबद्दल पुढे सांगतो) त्यात नाही. कोणी जुना संच दिला तर नवा अभ्यासक्रम शेजारी ठेवा आणि एकेका वाक्यापुढे पान क्रमांक लिहीत जा. जिथे पान सापडत नाही ती तुमची उणीव. दोन संध्याकाळचं काम आहे. त्यानंतर कोणती नवी प्रकरणं विकत घ्यावी लागतील ते नेमकं कळतं. आणि 2019 नंतरही लहानमोठे बदल होत राहतात. म्हणून ज्या सत्राला बसायचं त्याच वर्षाचा अभ्यासक्रम उघडा.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ घेऊ नका. त्या चोरीच्या असतात, आणि उद्या ज्या पेशात लोकांचे पैसे विश्वासानं हाती घ्यायचे त्याची सुरुवात अशी करू नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय त्यातली पानं गाळलेली असतात, वर्ष पुसलेलं असतं. पैसे कमी असतील तर सरळ मार्ग आहेत. ब्रिटिश संस्था कमी उत्पन्नाच्या सदस्यांना वर्गणीत आणि फीत सवलत देते. नोट्स देणाऱ्यांकडेही पुन्हा बसणाऱ्यांसाठी कमी दर असतो का, ते विचारा. विचारण्यात लाज कसली?

आता सगळ्यात मोलाचं आणि फुकटचं साहित्य: जुने पेपर. आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर मागच्या सत्रांचे पेपर आणि त्यांची नमुना उत्तरं आहेत. ब्रिटिश संस्था त्याच्याही पुढे जाऊन परीक्षकांचा अहवाल देते. विषय जवळपास एकच असल्यामुळे दोन्ही साठे तुमचेच. परीक्षकांच्या अहवालात नुसतं उत्तर नसतं. मुलं कुठे चुकली, कोणत्या पायरीचे मार्क बहुतेकांनी घालवले, कोणत्या प्रश्नाला नुसती यादी देऊन भागलं नाही, हेही असतं. तालुक्याच्या गावी बसून परीक्षकाच्या मनात डोकावायचा दुसरा रस्ता मला तरी दिसलेला नाही.

पेपर सोडवताना दोन गोष्टी पाहा. एक, प्रश्नाचं पहिलं क्रियापद. 'मोजा' म्हटलं तर आकडा आणि पायऱ्या, 'सिद्ध करा' म्हटलं तर सुरुवातीपासून, 'चर्चा करा' म्हटलं तर दोन्ही बाजू. दुसरी, कंसातले मार्क. शंभर मार्कांना तीन तासांच्या थोडा वर वेळ मिळतो, म्हणजे एका मार्काला ढोबळ दोन मिनिटं. तीन मार्कांच्या प्रश्नाला पानभर लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. शेवटचे दोन प्रश्न त्यांचे नेहमी कोरे राहतात. आणि नमुना उत्तर उघडायच्या आधी स्वतःचं उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत लिहा. वाचून 'हो, हे मला येत होतं' असं वाटणं आणि लिहिता येणं यांत फार अंतर आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक सांगतो. सगळं साहित्य इंग्रजीत असणार, उत्तरही इंग्रजीतच लिहायचं. पण समजून घेताना मराठीचा आधार जरूर घ्या. माझी विद्यार्थिनी वहीच्या डाव्या पानावर मराठीत कारण लिहिते आणि उजव्या पानावर परीक्षेच्या इंग्रजीत उत्तर. 'रिझर्व्ह' या शब्दावर ती आठ दिवस अडली होती. पुढे द्यायच्या पैशांची आजची किंमत, वजा पुढे येणाऱ्या हप्त्यांची आजची किंमत, असं तिनं डाव्या पानावर लिहिलं आणि ते प्रकरण पुढे सरकलं.

आणि आता सेमिनार, जिथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पहिल्याच पेपरासाठी पुण्याचा दोन दिवसांचा सेमिनार घेतला. इथून रात्रीची बस, लॉजचा खर्च, फी. कापसाच्या एका वेचणीचे पैसे गेले. तो सेमिनार उजळणीचा होता, शिकवण्याचा नव्हता. शिकवणाऱ्यांनी धरून चालले होते की सगळ्यांनी नोट्स एकदा वाचल्या आहेत. यानं पहिली दोनच प्रकरणं वाचली होती. दोन दिवस फळ्यावर जे चाललं ते तो उतरवून घेत राहिला. परत आल्यावर ती वही त्यानं मला दाखवली. अक्षर सुरेख, पण एकही प्रश्नचिन्ह नाही. जाहिरातीत 'उजळणी' हा शब्द कुठेच नव्हता याचं मला आजही वाईट वाटतं.

हिशेब साधा आहे. अमेरिकी परीक्षा देणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम रूढ आहे: परीक्षेच्या प्रत्येक तासामागे शंभर तास अभ्यास. आपल्या तीन तासांच्या पेपराला तो लावला तर तीनशे तास. रोज दोन तास बसलात तर पाच महिने. दोन दिवसांच्या सेमिनारमध्ये जेमतेम चौदा तास मिळतात, म्हणजे तीनशेतले पाच टक्केही नाहीत. ते चौदा तास कोणत्या महिन्यात टाकायचे यावर सगळं अवलंबून आहे. सुरुवातीला टाकले तर ते उतरवून घेण्यात जातात. अडीचशे तास झाल्यावर टाकले तर तेच चौदा तास सोनं होतात, कारण तोवर तुम्ही कुठे अडता ते तुम्हाला माहीत असतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वेगळी वही ठेवा. जिथे अडलात तो प्रश्न तारीख टाकून तिच्यात लिहा. पुढे सुटला तर खोडा. सेमिनारची फी भरायच्या आधी ती वही उघडा. दहा-बारा न खोडलेले प्रश्न असतील तर जा आणि तिथे तेच विचारा. वही कोरी असेल तर एकतर सेमिनारची गरज नाही किंवा अजून अभ्यासच झालेला नाही.

फोन लावून विचारायचेही प्रश्न आहेत, आणि ते संकोच न करता विचारा. हा वर्ग शिकवण्याचा आहे की उजळणीचा? शिकवणाऱ्यानं हा पेपर स्वतः कोणत्या अभ्यासक्रमानुसार पास केला? वर्गात किती प्रश्न पूर्ण सोडवले जातात, आणि विद्यार्थ्यांकडून लिहून घेतात की नुसते दाखवतात? नंतर शंका विचारता येते का, किती दिवस? पैसे परत मिळण्याची अट लेखी आहे का? 'पास होईपर्यंत' याचा अर्थ नेमका काय, पुढच्या सत्राला अभ्यासक्रम बदलला तरी? उत्तर देताना समोरचा गुळमुळीत बोलू लागला तर फोन ठेवा.

ऑनलाइन वर्ग आपल्यासाठी वरदान आहे, पण थेट वर्ग घेण्याआधी आपल्या गावातली लाइट आणि नेट पाहा. संध्याकाळी सात ते नऊची वेळ पुण्याच्या मुलाला सोयीची. आमच्याकडे पावसाळ्यात नेमकी तेव्हाच लाइट जाते. रेकॉर्डिंग मिळतं का, ते मोबाईलवर उतरवून घेता येतं का आणि किती महिने पाहता येतं, हे फीपेक्षा महत्त्वाचं. अभ्यासिकेच्या वायफायवर रेकॉर्डिंग उतरवून घ्यायचं, घरी थांबत थांबत पाहायचं. अवघड सिद्धता तीनदा मागे नेता येते. थेट वर्गात ते जमत नाही.

संगणकावरच्या पेपराबद्दल थोडक्यात. सीएस मालिकेत आर ही संगणकाची भाषा लागते, सीएम मालिकेत एक्सेल. आर पूर्ण फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि एकदा बसवलं की नेट लागत नाही. याचे व्हिडिओ विकत घेण्याआधी अभ्यासक्रमातली प्रत्येक आज्ञा स्वतःच्या हातानं टाइप करून पाहा. पाहून हे येत नाही. कॅल्क्युलेटरचंही तसंच: परवानगी असलेल्या मॉडेलांची यादी संस्थेकडे असते, त्यातलाच एक घ्या आणि पहिल्या दिवसापासून तोच वापरा.

एकाच जास्तीच्या गोष्टीपुरते पैसे असतील तर ती कोणती? माझं मत ठाम आहे: उत्तरं तपासून घेण्याची सोय. काही ठिकाणी सराव पेपर सोडवून पाठवला की तपासून, शेरे लिहून परत देतात. पुण्या-मुंबईच्या मुलाला ऑफिसात शेजारी पास झालेला कोणी भेटतो, तो वही पाहतो. आमच्या मुलीला असं कोणी नाही. गणित मी तपासतो, पण परीक्षक मार्क कुठे देतो ते मला त्याच्याइतकं कळत नाही. व्याख्यानं यूट्यूबवरही सापडतात. तुमच्या स्वतःच्या उत्तरावर कोणी लाल शाई चालवणं सापडत नाही.

मग त्या संध्याकाळी काय ठरलं? तिच्या वडलांना मी तुरीच्या पैशांचे तीन भाग करायला सांगितलं. पहिल्यातून सीएस-1 च्या चालू वर्षाच्या नोट्स, लगेच. दुसरा भाग तपासणीच्या सराव पेपरांसाठी, परीक्षेच्या दोन महिने आधी. तिसरा सेमिनारसाठी, पण पोरीच्या खात्यावर तसाच ठेवायचा. वडील म्हणाले, "मंग सेमिनारचं कवा ठरवाचं?" मी वहीकडे बोट दाखवलं.

परवा अभ्यासिकेत तिची वही पाहिली. सत्तेचाळीस प्रश्न लिहिलेले, छत्तीस खोडलेले. उरलेल्या अकरापैकी सात एकट्या बेझियन संख्याशास्त्राचे आहेत. पुढच्या रविवारी ती एका दिवसाच्या ऑनलाइन वर्गाला बसते आहे. तिघांना फोन करून ज्यांनी त्या एका प्रकरणाला अर्धा दिवस देऊ असं लेखी कळवलं त्यांच्याकडे. लाइट गेली तर म्हणून शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर सांगून ठेवला आहे.